आकाशातले दीपगृह



माकुणसारच्या वाडीत तुम्ही रेडिओ लावून बसला आहात. शेजारच्याने पंपाचे बटण दाबले, की रेडिओत खर्रकन आवाज होतो. बटणात ठिणगी उडते आणि तिच्यातून रेडिओ-लहरी उठतात. अशाच लहरी काही ताऱ्यांकडूनही येतात. मग खरखर कोणती आणि ताऱ्याचा निरोप कोणता, हे ओळखावे कसे?

१९६७ साली केंब्रिज येथे जोसलिन बेल या विद्यार्थिनीपुढे हाच प्रश्न उभा राहिला. सुमारे १.३ सेकंदाला एक, असे अगदी नेमके ठोके येत होते. माणसाच्याच एखाद्या यंत्राचे असतील, असे आधी वाटले. पण ते रोज सुमारे ४ मिनिटे लवकर येत. रोज ४ मिनिटे लवकर कोण उगवते? तारे!

तो होता पल्सार, म्हणजे स्पंदक तारा. प्रचंड तारा फुटला, की त्याचा गाभा आक्रसून हा गोळा उरतो. रुंदी सुमारे २० किलोमीटर, म्हणजे माकुणसार ते बोईसर एवढीच. वजन मात्र सूर्याहून जास्त! त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून झोत निघतात आणि तो गरगर फिरतो. दीपगृहाचा दिवा सतत जळत असतो, पण होडीतल्या माणसाला झोत फिरून आला तेव्हाच चमक दिसते. तसेच हे.

वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात असा एक पल्सार आहे. तो सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या घेतो. त्याच्याकडून रेडिओ-लहरी येतात, तसे क्ष-किरणही येतात. दोन्ही प्रकाशाचीच भावंडे. एकाची लहर लांब, दुसऱ्याची अतिशय आखूड. क्ष-किरण हवेत अडतात. म्हणून ते टिपणारी यंत्रे घेऊन भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ साली अंतराळात गेला. रेडिओ-लहरी मात्र जमिनीवर पोचतात. त्यांच्यासाठी आपल्या महाराष्ट्रातच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची दुर्बीण उभी राहिली. जागा निवडताना तिथली रेडिओ-शांतता पाहिली होती. ताऱ्याचा आवाज इतका क्षीण, की आसपासची एक ठिणगीही त्याला बुडवू शकते. ती शांतता राखणे आपल्याच हाती आहे, नाही का?

गुरुजी, मुलांकडून एवढे करून घ्या. एखादा तारा कौलाच्या टोकाआड केव्हा जातो ती वेळ मांडा. दुसऱ्या रात्री त्याच जागी उभे राहून पुन्हा पाहा. ४ मिनिटांचा हिशेब मुलांना स्वतःच सापडेल.