स्वस्त धान्य, महाग आरोग्य

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला, तेव्हा त्यातील तीन आकडे सर्वतोमुखी झाले होते. तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन रुपये किलो आणि भरड धान्य एक रुपया किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागल्याने ते दर आता इतिहासजमा झाले आहेत. परंतु या तीन आकड्यांपैकी तिसऱ्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. महाराष्ट्रातील रास्त भावाच्या दुकानात माणशी मिळणारे पाच किलो धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या हंगामात अवतरते. बाजरी आणि नाचणी यांचे दर्शन त्याहूनही दुर्मीळ. ज्या प्रांतात पोट भरण्याच्या धडपडीलाच ‘भाकरीचा प्रश्न’ म्हणतात, तेथे भाकरीचे धान्य सरकारी शिध्यातून जवळजवळ बेपत्ता असावे, हा विरोधाभास लहान नव्हे.

हा प्रश्न केवळ चवीचा किंवा परंपरेच्या अभिमानाचा असता, तर त्याची चर्चा पाककृतींच्या सदरात शोभली असती. परंतु तो आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे निर्माण होतो, असा अंदाज त्यात दिला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील जवळजवळ ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. म्हणजे एकाच घरात आजोबांना मधुमेह, सुनेला रक्तक्षय आणि नातवाला कुपोषण असे चित्र संभवते. तिघांच्याही दुखण्याचा एक धागा स्वयंपाकघरात जाऊन पोहोचतो.

प्रयोगशाळेची साक्ष

धान्य आणि रोग यांचा संबंध विज्ञानाला नवा नाही. गेल्या शतकाच्याही आधी, १८९० च्या दशकात, जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांच्या लक्षात आले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ मिळताच बऱ्या होतात. या निरीक्षणातून जीवनसत्त्वांच्या शोधाला चालना मिळाली आणि १९२९ साली आइकमन नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. गिरणीने जे फेकून दिले होते, त्यातच औषध होते.

पुढे १९२० च्या दशकात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या समाजांचे आहार दिले. कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाजीपाला असा पंजाबी आहार घेणारे उंदीर सर्वांत धट्टेकट्टे निघाले. सडलेल्या तांदळावर भिस्त असणारे क्षीण झाले. विशेष म्हणजे पांढरा पाव, मार्गारीन, मुरंबा, डबाबंद मांस आणि गोड चहा असा गरीब इंग्रजांचा आहार ज्यांच्या वाट्याला आला, ते उंदीरही रोगट झाले. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

या प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष नीट समजून घ्यावयास हवा. गहू वाईट आणि ज्वारी चांगली, असा तो नाही. धान्य जितके सडावे, पांढरे करावे, तितके त्याचे सत्त्व कमी होते, हा त्याचा अर्थ. शंभर ग्रॅम ज्वारीत किंवा बाजरीत सुमारे १० ते ११ ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात सुमारे तीन. कोंड्यासकट दळलेली कणीक याबाबतीत ज्वारीच्या मागे नाही; मागे आहे तो मैदा. असे तंतू भरपूर असणाऱ्या आहाराचा हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा धोका कमी असण्याशी संबंध आढळतो. त्यासंबंधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. नाचणीचे वैशिष्ट्य निराळे आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते दहाच्या आसपास. ज्या घरात दूध मोजून येते, त्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

तथापि, भाकरी म्हणजे संजीवनी नव्हे. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत एकेकाळी पेलाग्रा हा रोग आढळत असे, आणि त्याचा ज्वारीतील ल्युसीन या घटकाशी संबंध असावा, असे प्रतिपादन डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली केले होते. कोणत्याही एका धान्यावर जगणारा माणूस निरोगी राहत नाही. भाकरीबरोबर पिठले, उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असावे लागते. या जोडण्यांना शास्त्राचा आधार आहे. तृणधान्याच्या प्रथिनांतील उणीव डाळ भरून काढते. धान्यातील व पालेभाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यावर लिंबू पिळले, किंवा जेवणाबरोबर पेरूची फोड खाल्ली, की त्यातील क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढते. उलट, जेवण होताच घेतलेला चहा ते घटवतो. पेरूत संत्र्याच्या कित्येक पटींनी क जीवनसत्त्व असते. शेवग्याचा पाला लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाला उपयुक्त द्रव्य पुरवतो. हे पदार्थ परसात आणि आठवड्याच्या बाजारात मिळतात. त्यांची जाहिरात होत नाही, इतकेच.

भाकरी मागे का पडली?

हे सारे इतके उपकारक असताना लोकांनी ते सोडले का? ‘लोक अडाणी आहेत’ किंवा ‘नव्या पिढीला चोचले हवेत’ ही उत्तरे सोपी आहेत आणि बव्हंशी चुकीचीही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण खरेदीदाराचे. १९६५ साली अन्न महामंडळ स्थापन झाले आणि हरितक्रांतीच्या गव्हाला व तांदळाला हमीभावाबरोबर हमखास गिऱ्हाईकही मिळाले. भरड धान्यांना हमीभाव मिळाला, गिऱ्हाईक मिळाले नाही. २०२३-२४ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये आणि नाचणीचा ३,८४६ रुपये होता. त्याच वर्षीच्या रब्बीतील गव्हाचा २,२७५ रुपये. कागदावर ज्वारी गव्हापेक्षा भाग्यवान दिसते. परंतु ज्या भावाने कोणी मापच घेत नाही, तो भाव शेतकऱ्याच्या काय कामाचा? विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने खरिपातील ज्वारी काढून सोयाबीन पेरले, कारण सोयाबीनला तेल गिरण्यांचे गिऱ्हाईक होते. शिवाय ऐन कापणीत पाऊस आला की खरीप ज्वारीचे दाणे काळे पडतात. पाखरांपासून राखण करावी लागते ती वेगळीच. १९७० च्या दशकात महाराष्ट्रात सुमारे ६० लक्ष हेक्टरवर ज्वारी होती. आज तिचे क्षेत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्याबरोबर कडबा गेला, आणि कडब्याबरोबर दावणीची जनावरेही घटली.

दुसरे कारण स्त्रीच्या श्रमाचे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी एकेक करून थापावी लागते, ती तव्यावरून ताटात पडावी लागते आणि डब्यात तासाभरातच वाळू लागते. बाजरीचे पीठ तर साठवल्यास लवकर कडवट होते. दळण वरचेवर आणावे लागते. सकाळी आठच्या गाडीने कामावर जाणाऱ्या स्त्रीने पोळी पत्करली, किंवा पावावर भागवले, तर तिने आपल्या वेळेची किंमत ओळखली, असेच म्हटले पाहिजे. आहाराच्या सुधारणेचा उपदेश बहुधा पुरुष करतात आणि त्याची मजुरी स्त्रियांकडून वसूल होते, हे विसरून चालणार नाही.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. उत्पन्न वाढले की ज्या वस्तूची मागणी घटते, तिला अर्थशास्त्रात ‘निकृष्ट वस्तू’ म्हणतात. येथे निकृष्टता वस्तूच्या गुणात नसते, गिऱ्हाइकाच्या मनात असते. पाव्हण्याला पोळी आणि गड्याला भाकरी, ही रीत त्याच मनाची. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांच्या पिढीला तर ‘सरकारी ज्वारी’ या शब्दांतही लाचारीचा वास आला असेल. सरकारने २०१८ साली ‘भरड धान्य’ हे नाव बदलून ‘पौष्टिक तृणधान्य’ असे केले. नामांतराने मानहानी थोडी कमी होईल. पण नाव बदलल्याने कोठार भरत नाही.

बदललेला खर्च

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली दाखवून दिले की, उत्पन्न वाढत जाते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो. भारतातही तसे घडले आहे. १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे २२ टक्के रक्कम तृणधान्यावर जात असे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. वाचलेला पैसा डाळी, फळे, दूध, अंडी यांकडे वळावा, ही अपेक्षा काही अंशी पुरी झालीही. परंतु याच पाहणीत पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवरील ग्रामीण खर्च ९.६ टक्के, तर शहरी खर्च १०.६ टक्के आढळला. म्हणजे खेड्यातील कुटुंब तृणधान्यावर करते त्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च आज बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि तत्सम पदार्थांवर होतो. पाच रुपयांच्या पुडीने दुर्गम वाडीपर्यंत रस्ता काढला. एक रुपया किलोच्या नाचणीला तो सापडला नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. प्रदर्शने भरली, मेजवान्या झाल्या. शहरातील दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे पोहे आकर्षक वेष्टनांत मांडले गेले. त्यातील कित्येक बिस्किटांत नाचणी नावापुरती आणि मैदा व साखर पोटभर असते, हे वेष्टनाच्या मागील बारीक अक्षरे वाचणाऱ्यास कळते. याहून गंभीर धोका असा की, सुखवस्तू वर्गाची मागणी वाढून भाव चढले आणि उत्पादन तेवढेच राहिले, तर आदिवासी पाड्यावरची नाचणी शहरात जाईल आणि पाड्यावर पांढरा तांदूळ राहील.

काय करता येईल?

यावरचा उपाय अज्ञात नाही. कर्नाटकाने स्थानिक आवडीनुसार नाचणी व ज्वारी खरेदी करून शिधावाटपात आणली. ओडिशाने २०१७ साली भरडधान्य अभियान सुरू केले. आदिवासी जिल्ह्यांत नाचणीची सरकारी खरेदी होऊ लागली आणि अंगणवाडीतील मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायद्याचे सुमारे सात कोटी लाभार्थी आहेत. त्यांना पाच किलोंपैकी केवळ एक किलो ज्वारी, बाजरी किंवा नाचणी द्यावयाची म्हटले, तरी वर्षाला सुमारे ८ लक्ष ४० हजार टन धान्य लागेल. ते एका वर्षात उभे राहणार नाही, आणि घाईने केलेली खरेदी व्यापाऱ्यांच्याच पथ्यावर पडेल. म्हणून आरंभ जेथे धान्य पिकते तेथूनच व्हावा. सोलापूर व नगर भागात ज्वारी-बाजरी, कोकणात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत नाचणी, असे जिल्ह्याचे धान्य जिल्ह्यातच खरेदी होऊन तेथेच वाटले गेले, तर वाहतूक वाचेल आणि टिकाऊपणाची अडचणही सौम्य होईल. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिला सरकारी गिऱ्हाईक मिळाले तर तो मान शेतकऱ्याच्या पदरात पडेल.

शाळेतील आणि अंगणवाडीतील आहार हे दुसरे क्षेत्र. चवीची सवय बालपणी लागते. आठवड्यातून दोन दिवस मुलांच्या थाळीत स्थानिक धान्य, डाळ आणि पालेभाजी आली, तर वीस वर्षांनंतरच्या मधुमेहतज्ज्ञाचे काम थोडे हलके होण्याची आशा धरता येईल. तिसरी गोष्ट स्त्रियांच्या श्रमाची. भाकरी करून विकणारे महिला गट आज अनेक शहरांत दिसतात. त्यांना जागा, भांडवल आणि कार्यालयांची उपाहारगृहे मिळवून देणे, हे आरोग्यविषयक धोरणच होय.

या योजनेला पैसा लागेल, अशी हरकत घेतली जाईल. ती योग्यच आहे. परंतु मधुमेह झालेल्या कारकुनाला आणि शिक्षकाला आयुष्यभर गोळ्या, तपासण्या आणि प्रसंगी मूत्रपिंडाचे उपचार यांवर जो खर्च करावा लागतो, तो कोणत्याही अर्थसंकल्पात एका ठिकाणी दिसत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही असे नव्हे. तो लक्षावधी घरांच्या वह्यांत विखुरलेला आहे. धान्याच्या दुकानात आज वाचणारा पैसा उद्या औषधाच्या दुकानात मोजावा लागणार असेल, तर त्याला काटकसर म्हणता येणार नाही. कायद्याने भरड धान्याला दहा वर्षांहून अधिक काळ जागा दिलेली आहे. ती जागा दुकानाच्या फळीवर मिळवून देणे एवढेच काम शिल्लक आहे, आणि ते शासनाचे आहे.