थंडीत कोंबडी बसवताना

दिवाळी सरली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोंबडी खुडूक झालीय, पण गारठा वाढलाय. आता बसवावी, का थंडी सरू द्यावी?" आजच्या बोलण्यात आपण याचंच उत्तर शोधू.

उत्तर आहे, बसवावी. अंड्याला थंडीपेक्षा कडक ऊन जास्त वाईट. उन्हाळ्यात साठवलेलं अंडं घरातल्या उष्म्यानंच अर्धवट वाढू लागतं आणि कोंबडी बसण्याआधीच आतला जीव मरतो. थंडीत मात्र अंडं शांत राहतं, ऊब मिळाली की मगच वाढीला लागतं. शिवाय मार्गशीर्षात बऱ्याच घरांत अंडी खात नाहीत, त्यामुळे ती साठतात. आणि डिसेंबरात निघालेलं गावठी पिल्लू सहा-सात महिन्यांनी, म्हणजे बरोबर आखाडाच्या तोंडावर विकायला तयार होतं. आखाडात गावठी कोंबडा काय भावानं जातो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. तो पैसा बाईच्या हातात येतो, म्हणून एकेक पिल्लू जपायचं.

मग थंडीत नुकसान होतं कुठं? तीन ठिकाणी. कोंबडीच्या पंखाबाहेर राहिलेलं कडेचं अंडं गारठतं. कोंबडी फार वेळ अंड्यांवरून उठून राहते. आणि सगळ्यांत जास्त नुकसान होतं पिल्लं निघाल्यावर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. या तीन जागा सांभाळल्या, तर निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागातही पिल्लं चांगली निघतात.

आधी अंडी बघू. पोल्ट्रीची अंडी बसवून उपयोग नाही. तिथं कोंबडा नसतो, त्यामुळे त्यांतून पिल्लू निघत नाही. आपल्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा. अंडी सात दिवसांच्या आतली घ्यायची. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी किंवा तडा गेलेली बाजूला काढायची. अंडं धुवायचं नाही. त्याच्यावर एक पातळ थर असतो, तो रोगजंतूंना आत जाऊ देत नाही. घाण चिकटली असेल तर कोरड्या फडक्यानं हलकी पुसा, फारच मळलेलं असेल तर ते बसवूच नका. साठवताना टोकाची बाजू खाली ठेवायची.

आता कोंबडी. आधी अंडी उबवून पिल्लं सांभाळलेली, अंगानं भरलेली कोंबडी निवडा. ती खरंच खुडूक आहे का, हे बघायला दोन दिवस तिच्याखाली एखाद-दुसरं साधं अंडं ठेवा. दोन्ही दिवस घट्ट बसली, तर बाकीची अंडी द्या. बसवण्याआधी तिच्या पंखांखाली उवा-पिसवा आहेत का ते बघा. असतील तर चुलीच्या गार राखेत कडुलिंबाच्या पाल्याची पूड मिसळून पिसांत चोळा. पिसवा चावत असतील तर कोंबडी सारखी उठते आणि अंडी गार पडतात.

एका कोंबडीखाली एरवी आपण पंधरापर्यंत अंडी ठेवतो. थंडीत दहा ठेवा, कोंबडी मोठी असेल तर बारा. चार अंडी जास्त ठेवली की कडेची उघडी पडतात. कोंबडी अंडी फिरवत असते, त्यामुळे आज एक गारठतं, उद्या दुसरं, आणि चारच्या जागी सात-आठ वाया जातात. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायची. प्रत्येकावर कोळशानं खूण करा. दुसरी कोंबडी येऊन त्यांत अंडं घालून गेली, तर बिनखुणेचं लगेच ओळखू येतं.

जागा घराच्या आतल्या बाजूची, कोरडी, अंधारी आणि वारा न लागणारी हवी. लोखंडी घमेलं वापरू नका, ते गार पडतं. बांबूची पसरट पाटी घ्या. तळाला गोणपाट, त्यावर थोडी कोरडी माती, वर गवत किंवा भाताचं तूस. पाटी थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. रात्री मांजर, मुंगूस, उंदीर पोचणार नाहीत, अशी सोय करा.

दाणा-पाणी जवळच ठेवायचं. कोंबडी दिवसातून एकदा खायला आणि विष्ठा टाकायला उठते. पंधरा-वीस मिनिटं उठली तर काळजी नको. तिला ऊन पडल्यावर, दुपारच्या सुमाराला उठू द्या. भल्या पहाटे उठवू नका.

दिवस मोजायला आम्ही गटात एक सोपी रीत धरतो, ती म्हणजे बाजाराचा वार. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी कोंबडी बसवा. पिल्लू निघायला २१ दिवस लागतात, म्हणजे बरोबर तीन आठवडे.

पहिल्या बाजाराच्या रात्री अंडी तपासा. अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद बाजूला मोबाइलची बॅटरी टेकवा. आत काळा ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर पिल्लू वाढतंय. अंडं नुसतं दिव्यासारखं उजळलं, तर ते रिकामं आहे. ते काढून टाका, पण विकायला ठेवू नका. दुसऱ्या बाजाराच्या रात्री परत बघा. आता अंडं जवळजवळ सगळं काळं दिसायला हवं, फक्त रुंद बाजूला हवेची जागा उजळ दिसेल. वास येणारं, आत डुचमळणारं अंडं लगेच काढा. ते फुटलं तर बाकीच्यांना लागण होते.

शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावायचा नाही. थंडीतली हवा कोरडी असते आणि आतला पापुद्रा सुकला तर पिल्लाला बाहेर येता येत नाही. म्हणून कोंबडी उठली की कोमट पाण्यात बोटं बुडवून पाटीतल्या गवताच्या कडेला थोडा शिडकावा करा. गवत भिजून गार होईल इतकं पाणी नको.

तिसऱ्या बाजाराला पिल्लं निघतात. अंड्याला चोच मारल्यापासून बाहेर यायला पिल्लाला १२ ते २४ तास लागू शकतात. दया येऊन कवच सोलायला जाऊ नका. आतल्या शिरांतलं रक्त अजून वाहतं असतं, त्यामुळे पिल्लू दगावतं. थंडीत एखादा दिवस उशीर होतोच. म्हणून आणखी दोन दिवस वाट बघा, मगच उरलेली अंडी काढा.

आता खरी परीक्षा. निघालेल्या पिल्लाला पहिला दिवसभर खाणं नसलं तरी चालतं, पण ऊब लागतेच. पिसं फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आई असेल तर ती पंखाखाली घेते. रात्री डालग्याखाली कोरडं तूस अंथरा आणि तीन बाजूंनी गोणपाट टाका. एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा.

आईला सगळी पिल्लं झाकता येत नसतील, तर बल्ब लावावा लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा, तार तापणारा ६० वॅटचा बल्ब लागतो. तो तुसाला, गोणपाटाला चिकटणार नाही असा टांगा, नाहीतर आग लागेल. पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, पण मोजायला यंत्र नसलं तरी चालतं. पिल्लांकडे बघा. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढली, तर गार लागतंय, बल्ब खाली घ्या. चोची उघडून लांब पळाली, तर बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून चरत असली, तर ऊब बरोबर आहे. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी मात्र ठेवू नका. तिचा धूर पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

पहिल्या दिवशी कोमट पाण्यात थोडा गूळ घालून द्या. मग बारीक कणी, भरडलेला मका, मिळाल्यास पिल्लांचं तयार खाद्य द्या. पाण्याच्या ताटलीत खडे टाका. पिल्लू पाण्यात पडून भिजलं, तर त्याच रात्री गारठून मरतं. तूस ओलं झालं की बदला. पहिला आठवडा बाहेर सोडू नका. नंतरही दव सुकल्यावर सोडायचं आणि ऊन उतरायच्या आत घ्यायचं.

चौथा बाजार लसीचा. मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेत रोगासाठी, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यायचा. पुढच्या लसी जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या.

इथंच गटाचा उपयोग आहे. लासोटाची लहान कुपीसुद्धा साधारण १०० पिल्लांची येते. बर्फात आणावी लागते आणि कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून लस राहून जाते आणि उबवणीची सगळी मेहनत एका साथीत जाते. पण आठ-दहा जणींनी एकाच बाजारी कोंबड्या बसवल्या, तर एका कुपीत सगळ्यांचं भागतं, खर्च वाटला जातो. शिवाय पहिल्या तपासणीत तिघींकडची रिकामी अंडी निघाली, तर उरलेली दोन कोंबड्यांखाली घालता येतात. कुणाचं कोणतं, हे खुणेवरून कळतं.

तेव्हा येत्या बैठकीत एवढं करा. कुणाची कोंबडी खुडूक आहे, कुणाकडे कोंबडा आहे, कुणाकडे ताजी अंडी आहेत, हे वहीत लिहा. एक बाजाराचा दिवस ठरवा आणि लस आणायची जबाबदारी त्याच दिवशी एकीला द्या.