‘चिनी हॅलोविन’ नावाचा सण नाही

ऑक्टोबर संपत आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत प्लास्टिकचे नारिंगी भोपळे दिसू लागतात आणि मोबाइलवर दोन तऱ्हेचे संदेश फिरू लागतात. एकात हा सैतानाचा सण असल्याचा इशारा असतो. दुसऱ्यात देशोदेशींच्या हॅलोविनची यादी असते आणि तीत चीनच्या नावापुढे ‘भुकेल्या भुतांचा सण’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीबरोबर चिनीही शिकणाऱ्या मुलांपुढे हे दोन सण जोडीनं येतात, त्यामुळे ही गल्लत लहानपणीच पक्की होते. पहिल्या संदेशाचं उत्तर थोडक्यात देता येतं. दुसऱ्यासाठी थेट अजिंठ्यापर्यंत जावं लागतं.

आधी एक समजूत दूर करू, की हॅलोविन अमेरिकेचा. आजचं रूप त्याला अमेरिकेत मिळालं, जन्म मात्र आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथे ३१ ऑक्टोबरच्या रात्री पोरं तोंडाला काजळी फासून, जुनेपाने कपडे चढवून घरोघर जात, गाणं म्हणून किंवा नक्कल करून दाखवत आणि सफरचंदं, अक्रोड मिळवत. कंदील कोरायचे ते भोपळ्याचे नव्हे, सलगमचे. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या लोकजीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगॉलकडच्या अशा एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. आक्रसलेला चेहरा, खोल डोळे, वेडेवाकडे दात. आजच्या हसऱ्या भोपळ्यापेक्षा ते तोंड कितीतरी भयानक आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. तिथे त्यांना मोठा, मऊ आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगम मागे पडलं. ‘खाऊ द्या, नाही तर खोडी काढू’ ही आरोळी तर त्याहून नवी आहे. ती आधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कॅनडातल्या वर्तमानपत्रांत भेटते आणि महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग १९४७ मध्ये उठल्यावर अमेरिकाभर पसरते.

आता सैतान. ३१ ऑक्टोबर ही ‘सर्व संतांच्या दिवसा’ची पूर्वसंध्या आहे, म्हणजे तारीख चर्चच्या पंचांगातली. १ नोव्हेंबर संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. हा दुसरा दिवस रूढ करण्याचं श्रेय हजार वर्षांपूर्वीच्या क्लुनी मठाच्या ओडिलो या मठाधिपतींना दिलं जातं. गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला दफनभूमीत गेलात तर घासूनपुसून स्वच्छ केलेल्या कबरी, त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतील. हॅलोविन त्याच तीन दिवसांतला पहिला. त्याआधी केल्टिक लोकांचा ‘साउइन’ हा उन्हाळा संपल्याचा सण याच सुमारास होता, हे खरं. पण साउइन हा मृत्युदेव होता आणि त्याला नरबळी देत, ही गोष्ट अठराव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांच्या कल्पनेतून आली. असा देव जुन्या आयरिश साहित्यात नाही.

विषारी चॉकलेटांची भीतीही अशीच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं वाटलेल्या खाऊनं मूल दगावल्याची एकही खरी घटना त्यांना सापडली नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये सायनाइड घातलेल्या गोळ्या खाऊन एक मुलगा गेला, पण त्या त्याच्या वडिलांनीच विम्याच्या पैशासाठी दिल्या होत्या.

आता चीनकडे. हॅलोविनला चिनीत स्वतंत्र नाव आहे, ‘वान्शंगच्ये’, म्हणजे सर्व संतांचा सण. तो बाहेरून आला हे कुठलाही चिनी माणूस सांगेल. चिनी भाषकांचा स्वतःचा सण वेगळा. तो चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या पंधराव्या दिवशी येतो. ताओ परंपरेत त्याला चुंगयुआन म्हणतात आणि बौद्ध परंपरेत युलानपन. २०२५ मध्ये तो ६ सप्टेंबरला आला, म्हणजे आपला पितृपक्ष लागण्याच्या अगदी तोंडावर. चिनी पंचांगात शरद ऋतू ऑगस्टच्या सुरुवातीलाच लागतो, म्हणून तिकडच्या हिशेबानं हाही शरदातलाच सण.

साम्य इथे संपतं. या सणात कुणी भुताचं सोंग घेत नाही आणि लहान मुलं खाऊ मागत फिरत नाहीत. उलट खाऊ भुतांनाच द्यायचा असतो. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी परलोकाचं दार उघडतं, तिथले जीव महिनाभर इकडे येतात आणि त्यांतले पुष्कळसे उपाशी असतात, अशी श्रद्धा आहे. ज्यांना वंश उरला नाही, जे बुडून, लढाईत किंवा परमुलखात मेले, त्यांना घास कोण घालणार? तैवानमध्ये दुपारी दारासमोर टेबल मांडतात. त्यावर भात, फळं, बिस्किटं, शीतपेयं, अगदी इन्स्टंट नूडल्सची पाकिटंसुद्धा, आणि प्रत्येक वस्तूत एकेक पेटती उदबत्ती खोचलेली. टेबलाजवळ पाण्यानं भरलेलं तसराळं आणि नवा टॉवेल असतो. लांबून चालत आलेल्यानं आधी हातपाय धुवावेत, मग जेवावं, म्हणून. आणि या पाहुण्यांना ‘भूत’ म्हणत नाहीत, ‘भले बंधू’ म्हणतात. भुतांना घाबरवून पळवून लावण्याचा हा सण आहे, या समजुतीला ते तसराळंच पुरेसं उत्तर आहे.

या श्रद्धेत सामाजिक शहाणपणही आहे. तैवानच्या कीलुंग बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चांगचौ आणि छ्वानचौ या दोन भागांतून आलेल्या वसाहतकऱ्यांत रक्तपात झाला. दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांना एकत्र घास देण्याचं ठरलं. यजमानपद गावाप्रमाणे न देता आडनावांप्रमाणे आळीपाळीनं द्यायचं, असा १८५५ पासून शिरस्ता पडला. तो आजही चालू आहे. चौदाव्या रात्री प्रत्येक आडनावाचा कागदी घराच्या आकाराचा दिवा समुद्रात सोडतात.

सणाची बौद्ध कथा ज्याची, तो माणूस आपल्या ओळखीचा आहे. चिनी लोक त्याला मूलिएन म्हणतात, आपण मोग्गलान म्हणतो. सारिपुत्ताबरोबरचा बुद्धाचा दुसरा पट्टशिष्य, ज्याच्या अस्थी १८५१ मध्ये सांचीच्या तिसऱ्या स्तूपात सापडल्या. कथेत तो दिव्यदृष्टीनं पाहतो, तर मेलेली आई प्रेतयोनीत हाडांचा सापळा होऊन बसलेली. तो भाताचं पात्र नेऊन देतो. ती डाव्या हातानं पात्र झाकते, उजव्या हातानं घास उचलते आणि तो तोंडाशी जाण्याआधीच त्याचे निखारे होतात. बुद्ध सांगतात की हे एकट्याचं काम नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी संघाला भोजन दे, त्याच्या पुण्यानं तिची सुटका होईल. तो दिवस म्हणजे सातव्या महिन्यातली पंधरावी तिथी. लिआंग घराण्याच्या वू सम्राटानं ५३८ मध्ये हा विधी केल्याची नोंद आहे. जपानचा ओबोन आणि व्हिएतनामचा वू लान ही याचीच भावंडं.

अजिंठ्याचा दुवा इथे लागतो. परलोक पाहून येऊन तिथली हकीकत सांगणारा, ही मोग्गलानाची ख्याती जुनी आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात बुद्ध म्हणतात की मोग्गलान सगळीकडे पुरा पडणार नाही, तेव्हा विहाराच्या दारावर भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं चित्र, रंगवा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत असं एक चक्र आहे, बरंच झिजलेलं. इंग्रजी अमदानीतल्या पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं, म्हणून त्या लेण्याला ‘झोडियाक केव्ह’ म्हणू लागले. तिथे गेलात तर आत शिरण्याआधी त्या भिंतीपाशी थांबा.

पण म्हणून ‘म्हणजे आपलाच पितृपक्ष चीनला गेला’ असं म्हणणंही चूकच. आईच्या सुटकेची ही कथा सांगणाऱ्या सूत्राची संस्कृत किंवा पाली प्रत सापडलेली नाही, ते चिनीतच मिळतं. ताओ परंपरेत तर हा दिवस पृथ्वीच्या अधिपतीचा, पापमोचनाचा. आपण श्राद्ध करतो ते आपल्या पितरांचं. चिनी सणात पूर्वज असतातच, पण दारातलं टेबल मांडलेलं असतं ते ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि ‘चिनी हॅलोविन’ म्हटलं की नेमका तोच पुसला जातो. एप्रिलच्या सुरुवातीचा छिंगमिंग हा कबरी झाडण्याचा दिवसही असाच ‘चिनी हॅलोविन’ म्हणून खपवतात. तो तर ऐन वसंतातला.

चीनमध्ये हॅलोविनला बंदी आहे, असंही ऐकू येतं. इंग्रजीच्या शिकवण्यांमधून तो तिथे गेली अनेक वर्षं साजरा होतो. २०२३ मध्ये शांघायच्या रस्त्यांवर हजारो तरुण सोंगं घेऊन उतरले. कुणी लेखक लू शुन झाला, कुणी कोविडकाळातला पांढऱ्या पोशाखाचा कर्मचारी. २०२४ मध्ये मात्र तिथल्या पोलिसांनी वेषधारी लोकांना रस्त्यांवरून हटवलं. सरकारची नजर सोंगाआडून होणाऱ्या टीकेवर होती, भोपळ्यावर नव्हे, असं माझं मत.

सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना भुकेल्या भुतांचा हा महिना दारातच भेटतो. तेव्हा थोड्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फुटपाथवर मृतांसाठी कागदी नोटा जाळलेल्या असतील तर त्या राखेवर पाय देऊ नये. मांडून ठेवलेल्या पदार्थांना हात लावू नये. ‘गताय’ हा गाण्यांचा कार्यक्रम लागला असेल तर जरूर ऐकावा, सगळ्यांना खुला असतो, फक्त पहिल्या रांगेत बसू नये, त्या खुर्च्या मृतांसाठी राखलेल्या असतात. २०२६ मध्ये हा सण २७ ऑगस्टला आहे, आपल्या राखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.