घरात ठेवलेली बॉयलर कोंबडी जगवायची कशी?

सदर बाजार असो की यादवनगर, कोल्हापुरात बऱ्याच घरांत हे घडतं. मुलांच्या हट्टापायी अब्बा दोन-चार पांढरी पिल्लं घेऊन येतात. दीड महिन्यात ती दोन किलोची होतात. तोवर मुलांनी त्यांची नावं ठेवलेली असतात, आणि सुरीचं नाव काढलं की घरात रडारड सुरू. मग ठरतं, राहू दे, पाळू या. पुढे लाडानं खाऊ घातलेली हीच कोंबडी एखाद्या दुपारी धापा टाकते आणि पडते. आपण म्हणतो, नजर लागली. खरं कारण बहुतेक वेळा दाण्याच्या भांड्यातच असतं.

ब्रॉयलर म्हणजे आपल्याकडची बॉयलर. ही कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विकण्यासाठीच तयार केलेली आहे. अंगावर मांस झपाट्यानं चढतं, पण हाडं, काळीज आणि फुफ्फुसं त्या वेगानं वाढत नाहीत. त्यामुळे पाय वाकडे होतात, पोटात पाणी साठतं, नाहीतर काळीज अचानक बंद पडतं. त्यात हिची भूक कधी संपत नाही. देशी कोंबडी पोट भरलं की उकिरड्याकडे वळते, ही भांड्यापाशीच बसून राहते. म्हणून तिच्या भुकेवर विश्वास ठेवू नये.

मग ही जात जास्त जगतच नाही का? जगते. या पिल्लांचे आईबाप फार्मवर साठ-पासष्ट आठवडे ठेवले जातात, माद्या अंडी देतात. ते जमतं कारण त्यांना दाणा रोज मोजून दिला जातो. घरातही तोच उपाय.

दाणा किती, कोणता

सहा आठवड्यांनंतर बॉयलरचा फिनिशर दाणा बंद करायचा. त्यात प्रथिनं आणि ताकद दोन्ही जास्त असतात. त्याऐवजी अंड्याच्या कोंबड्यांच्या तलंगांना देतात तो ग्रोअर दाणा आणावा. बदल एकदम नको, आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा. दोन किलोच्या पक्ष्याला दिवसाला साधारण 80 ते 100 ग्रॅम पुरे. निम्मा फज्रनंतर, निम्मा असरनंतर. दर जुम्म्याला वजन करून वहीत लिहावं. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या वर वाढ दिसली तर दाणा थोडा कमी करावा.

चार पक्षी असतील तर दोन-तीन भांडी ठेवावीत, नाहीतर दांडगा सगळं खातो आणि दुबळा उपाशी राहतो. मधल्या वेळेत कोबीची पानं, मेथी, शेवग्याचा पाला टांगून ठेवावा. चोच चालू राहते, चालणंही होतं. दाण्यातलीच मूठभर ज्वारी अंगणात विखरून टाकली तरी चालेल. मादी अंड्यावर आली की लेअर दाणा सुरू करावा. त्याआधी तो देऊ नये, नरालाही नको. त्यातलं जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं.

दावतीची उरलेली बिर्याणी, तळण, खारट पदार्थ घालू नयेत. दाणा मोजायचा, पाणी मात्र कधी मोजायचं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात थंड पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावं आणि दुपारी सावलीत दाणा न घालता ठेवावं.

कोल्हापूरचा पाऊस आणि आजार

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली. पोत्यातला मका, पेंड यांना बुरशी लागते आणि तिचं विष लिव्हर खराब करतं. वास आलेला दाणा फेकून द्यावा. 'वाया जाईल' म्हणून घालू नये. दाणा थोडाच आणावा, पोतं फळीवर ठेवावं.

खाली भाताचा तूस चार बोटं जाड पसरावा, रोज हलवावा, ओला झालेला भाग लगेच काढावा. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते. सतत ओल्यात बसल्यानं तळपायाला काळी खपली धरते, छातीला फोड येतात. उंच दांडीवर बसवू नये, जड अंगानं उडी मारली की पाय जायबंदी होतो. वीतभर उंचीची रुंद फळी बस झाली.

मानमोडी, म्हणजे रानीखेत, यावर इलाज नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा, दोन आठवड्यांना गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. जास्त दिवस पाळायची तर आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बी आणि देवीची लस पशुवैद्यकाला विचारून द्यावी.

तुरा निळसर, पोट टपोरं, बसल्या जागी धाप, दिवसभर उठत नाही, विष्ठेत रक्त: यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं किंवा 1962 वर फोन करावा. घरातल्या माणसांच्या गोळ्या चारू नयेत. औषध चालू असेल तर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत त्या पक्ष्याचं अंडं किंवा गोश्त खाऊ नये. एकदम चार-पाच पक्षी मेले तर उघड्या हातानं शिवू नये, कळवावं. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा घराघरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

पुढच्या वेळी मुलांसाठी पिल्लं आणायचीच असतील तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात गिरिराज, वनराज अशा परसातल्या जातींची चौकशी करा. त्या हिंडतात आणि जास्त टिकतात.

पण घरात आधीच बॉयलर असेल तर ती आपल्यावरची अमानत आहे. मुक्या जीवाला उपाशी ठेवणं गुनाह, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणूनच मोजून दाणा घालताना आपला हात कचरतो. मूल भांडं घेऊन आलं की त्याला नाही म्हणू नका. हातात कोबीचं पान द्या, आणि त्या आठवड्याचं वजन त्यालाच वहीत लिहायला सांगा.