ध्यान कुठी हाये तुयं?

गेल्या महिन्यात माझी धाकटी रात्री दोनच्या सुमारास कान धरून रडत उठली. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "केव्हापासून दुखतो?" मला सांगताच येईना. तीच म्हणाली, "सोमवारपासून. आईला तीनदा सांगितलं मी." तो दिवस गुरुवार होता! तिन्ही वेळा मी "हो, हो" म्हटलं असणार. हात पोळपाटावर, डोळे शाळेच्या वह्यांवर आणि मन उद्याच्या तासिकेत.

दूध उतू गेलं की आमच्या हिवरखेडला सासूबाई ओरडतात, "ध्यान कुठी हाये वो तुयं?" आपल्या वऱ्हाडात ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, साधं लक्ष. शहरांत हल्ली याचेच वर्ग भरतात. इगतपुरीला १९७६ साली सुरू झालेल्या धम्मगिरीत सत्यनारायण गोएंकांच्या पद्धतीने दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून विपश्यना शिकवतात. पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चांगलंच आहे. पण दहा दिवस घर कोण सांभाळणार, असं मी विचारलं, तर आमच्याकडे सगळे हसलेच.

मला मात्र आठवली ती विनोबांच्या आईंची गोष्ट. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज मूठभर तांदूळ घेऊन एकेक दाणा मोजून वाहायच्या. विनोबांचे वडील हिशेबी. त्यांनी सुचवलं, एक तोळा तांदळात किती दाणे ते मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ आणि कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घाल. आईंना उत्तर सुचेना. त्यांनी लेकाला विचारलं. विन्या म्हणाला, हे काही गणित नाही. दाण्यागणिक नामस्मरण होतं, तेव्हा तू एकेक मोजतच राहा. वडिलांचा हिशेब चुकीचा नव्हता हो, पण तांदळाबरोबर मनही वाहायचं होतं, ते तराजूत कसं यावं?

मी संकल्प वगैरे केला नाही. फक्त रोज एक काम निवडलं, तांदूळ निवडण्याचं. मोबाईल दुसऱ्या खोलीत, सूप मांडीवर. पहिल्या दिवशी पंधरा-वीस दाण्यांतच मन विजेच्या बिलावर गेलं. पुन्हा खड्यावर आणलं. पुन्हा गेलं, ते नणंदेच्या बोलण्यावर. आधी वाटलं, आपल्याला हे जमायचं नाही. मग कळलं, मन गेलं हे ध्यानात येणं आणि त्याला परत आणणं, हाच तर सगळा अभ्यास. श्वासाचंही तसंच असतं.

दोन कामं एकदम करूच नका, असं मी सांगणार नाही. आपला संसारच थांबेल. आमच्याकडे पऱ्हाटीत बाया गप्पा मारत कापूस वेचतात आणि तरी त्यात पाल्याचा कचरा येऊ देत नाहीत. हाताला सवय असली की जमतं. लेकरू बोलत असताना मात्र जमत नाही, एवढं मला त्या गुरुवारी कळलं. (आणि हे ध्यान घरातल्या पुरुषांनीही ठेवायला हरकत नाही. कान दोघांची लेक धरून बसली होती!)

कान आता बरा आहे. परवा मेथी निवडताना माझी पुन्हा तंद्री लागली. धाकटी समोर उभी राहून आजीच्या आवाजात म्हणाली, "ध्यान कुठी हाये वो तुयं?" मी जुडी खाली ठेवली. शाळेतल्या चिंचेच्या झाडाची काहीतरी गोष्ट होती, आणि ती बरीच लांबली.