द्विमान प्रवाहाचे विभाजन
परभणी जिल्ह्यातील ‘पालम’ या तालुक्याचे नाव यूटीएफ-८ संकेतनात १२ बाइट व्यापते. प, काना, ल आणि म यांस प्रत्येकी तीन. हा प्रवाह आठ-आठ बाइटांनी वाचल्यास पहिल्या खंडात ‘पा’ पूर्ण येतो, परंतु ‘ल’चे २२४ व १६४ हे दोनच बाइट येतात, तिसरा, १७८, पुढील खंडात पडतो. रस्ट भाषेत प्रत्येक खंडाचे स्वतंत्रपणे सैल रूपांतर केले, तर ‘ल’च्या जागी दोन प्रतिस्थापन-चिन्हे उमटतात व मूळ अक्षर नष्ट होते. गावाच्या नावाबाबत हे क्षम्य नव्हे. काटेकोर रूपांतर मात्र सहा बाइट ग्राह्य असल्याचे सांगते आणि उरलेले दोन अशुद्ध नसून अपुरे आहेत, हा भेदही कळविते. ते दोन राखून पुढील खंडाच्या आरंभी जोडावेत.

विभाजक चिन्हावर तोडणे सोपे खरे. ओळ संपविणारा १० हा बाइट देवनागरी अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, कारण तेथील सर्व बाइट १२८ वा त्याहून अधिक असतात. चित्रांच्या वा पूर्णांकांच्या प्रवाहात मात्र तो कोठेही आढळू शकतो (सी भाषेतील शून्यान्त मजकुराची रूढीही तेथे अशीच फसते); म्हणून तेथे प्रत्येक नोंदीपूर्वी तिची लांबी लिहिणे इष्ट.