सात मॅचचा हिरो की पन्नास मॅचचा खेळाडू? 'पोटेन्शियल' ओळखायचं कसं



"पोरगा हुशार आहे, पुढे चमकणार." "मालात दम आहे, फक्त थोडं भांडवल घाला." धंद्यात ही दोन वाक्यं फार महाग पडतात. ती खरी निघतात की खोटी, हे दोन-तीन वर्षांनी कळतं आणि पैसे मात्र आजच घालावे लागतात.

व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकला होता, इथे जरा सविस्तर बोलू. उदाहरण खूप लांबचं आहे. फिनलंडचा एक अठरा वर्षांचा मुलगा, बर्फावरची हॉकी आणि त्याच्या भविष्यावर वाद घालणारे हजारो चाहते. हॉकीतलं काही कळत नसलं तरी चालेल. हिशोब कळला म्हणजे झालं.

आधी खेळाची बाजारपेठ समजून घ्या

आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग म्हणजे अमेरिका-कॅनडातली एनएचएल. आज तिच्यात ३२ टीम आहेत. दर वर्षी 'ड्राफ्ट' होतो. म्हणजे जगभरातल्या अठराच्या आसपासच्या मुलांमधून टीम आळीपाळीने एकेक नाव उचलतात. गेल्या सीझनला जी टीम तळाला होती, तिला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. ड्राफ्टच्या सात फेऱ्या असतात, म्हणजे साधारण २२४ मुलं. एकदा नाव उचललं की त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्या टीमचा.

थोडक्यात, तयार माल विकत घ्यायचा नाही, कच्चा माल बघून तयार मालाचा अंदाज बांधायचा.

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५६ लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याची त्याहून जास्त आहे. तरी तिथून एनएचएलला सतत खेळाडू मिळतात. तिथली चांगली मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षीच देशातल्या मोठ्यांच्या लीगमध्ये, म्हणजे 'लीगा'मध्ये, खेळायला लागतात. त्यामुळे तिथल्या मुलाचे दोन हिशोब बघायला मिळतात. एक त्याच्या वयाच्या मुलांसमोरचा आणि दुसरा दाढीमिशीवाल्या गड्यांसमोरचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

येसे पुल्युयार्वी : सगळ्यांना हवा असलेला मुलगा

डिसेंबर २०१५च्या शेवटी हेलसिंकीत वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. घरचं मैदान, भरलेलं स्टेडियम. फिनलंडची एक फळी तिथे अक्षरशः सुटली होती. एका बाजूला येसे पुल्युयार्वी, दुसऱ्या बाजूला पॅट्रिक लाइने, दोघंही सतरा वर्षांचे. मधे सेंटरला अठरा वर्षांचा सेबास्टियन आहो.

हॉकीत गोल केला की एक पॉइंट आणि गोलसाठी पास दिला की त्याचाही एक पॉइंट. पुल्युयार्वीने ७ मॅचमध्ये १७ पॉइंट काढले. आहोचे १४, लाइनेचे १३. ५ जानेवारी २०१६ला फायनलमध्ये फिनलंडने रशियाला जादा वेळेत ४-३ हरवलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला पुल्युयार्वी. उंची सहा फूट चार इंच, वेग जबरदस्त, पास अचूक आणि वय फक्त सतरा. चाहत्यांना अजून काय हवं?

जून २०१६ला बफेलो शहरात ड्राफ्ट झाला. पहिला गेला अमेरिकेचा ऑस्टन मॅथ्यूज, दुसरा लाइने. तिसरा पुल्युयार्वी जाणार हे जवळपास सगळे धरून चालले होते. तिसरा नंबर होता कोलंबसचा आणि कोलंबसचे जनरल मॅनेजर होते यार्मो केकालाइनेन, स्वतः फिनलंडचे! त्यांनी पुल्युयार्वीला सोडून कॅनडाच्या पिएर-लूक दुब्वाला घेतलं.

चौथा नंबर एडमंटनचा. ती टीम सलग दहा सीझन प्लेऑफला पोहोचली नव्हती. सहा वर्षांत चार वेळा ड्राफ्टचा पहिला नंबर मिळूनही ही अवस्था. तिथल्या चाहत्यांना वाटलं, लॉटरीच लागली. दुसऱ्या बाजूने प्रश्नही आला की घरच्याच माणसाने मुलाला सोडलं, म्हणजे त्याला काही दिसलं असेल का?

आता आकडे शेजारी ठेवा

त्याच सीझनला हे तिघंही फिनलंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये खेळत होते. तिथले आकडे असे:

- आहो : ४५ मॅच, ४५ पॉइंट. मॅचमागे १.
- लाइने : ४६ मॅच, ३३ पॉइंट. मॅचमागे साधारण ०.७.
- पुल्युयार्वी : ५० मॅच, २८ पॉइंट. मॅचमागे साधारण ०.५६.

सात मॅचच्या स्पर्धेत जो सगळ्यात पुढे, तो लांब सीझनमध्ये तिघांत शेवटी. वय बघितलं तर सतराव्या-अठराव्या वर्षी ५० मॅचमध्ये २८ पॉइंट हे उत्तमच. आहो वर्षभराने मोठा, हेही धरायला हवं. चाहते अगदीच चुकीचं बघत नव्हते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सतत हेलसिंकीचे ते सात दिवसच होते.

आणि आहो? तो आदल्या वर्षीच, २०१५च्या ड्राफ्टमध्ये गेला होता. कितवा, तर ३५वा, दुसऱ्या फेरीत. अंगापिंडाने मध्यम, बघताक्षणी डोळ्यांत भरणारा नव्हे. कॅरोलायनाने त्याला घेतलं आणि अजून एक वर्ष फिनलंडमध्येच खेळू दिलं. २०१६-१७ला तो अमेरिकेत आला आणि पहिल्याच सीझनला ८२ मॅचमध्ये ४९ पॉइंट काढले. २०१९ला मॉन्ट्रियलने त्याला आपल्याकडे ओढायला पाच वर्षांची सुमारे ४.२ कोटी डॉलरची ऑफर दिली. कॅरोलायनाने तेवढीच रक्कम मोजून त्याला राखलं. २०२३ला पुढच्या आठ वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार केला.

पुल्युयार्वी मात्र ड्राफ्टनंतर लगेच एडमंटनला गेला. अठरा वर्षांचा, घरापासून हजारो किलोमीटर लांब, इंग्रजी जेमतेम. पहिल्या सीझनला २८ मॅच, एक गोल, आणि मग खालच्या लीगमध्ये रवानगी. पुढच्या वर्षी ६५ मॅचमध्ये १२ गोल. त्याच्या पुढच्या वर्षी ४६ मॅचमध्ये ४ गोल आणि खुब्याचं ऑपरेशन. मग तो फिनलंडला, आपल्या जुन्या ओउलु शहराच्या टीमकडे परतला. तिथे ५६ मॅचमध्ये ५३ पॉइंट काढले! म्हणजे गुण होतेच. परत एडमंटनला आल्यावर २०२१-२२ला त्याने ६५ मॅचमध्ये ३६ पॉइंट केले, हे चांगलंच म्हणायचं. पण चौथ्या नंबरच्या मुलाकडून लोकांनी जे स्वप्न बघितलं होतं, ते हे नव्हतं. फेब्रुवारी २०२३ला एडमंटनने त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं. तिथे आधीपासून कोण होतं? आहो.

म्हणजे लीगचे आकडे बघितले की काम झालं?

इतकं सोपं असतं तर कोणाचाच पैसा बुडाला नसता.

अलेक्झांडर बारकोव्ह घ्या. सतराव्या वर्षी मोठ्यांच्या लीगमध्ये ५३ मॅच, ४८ पॉइंट. २०१३ला फ्लोरिडाने दुसऱ्या नंबरवर घेतलं. २०२४ला त्याने कॅप्टन म्हणून स्टॅन्ली कप उचलला, असा मान मिळवणारा पहिला फिनिश कॅप्टन. २०२५ला पुन्हा जिंकला. इथे लांबचा हिशोब खरा ठरला.

आता कापो काक्को. २०१८-१९ला त्याच लीगमध्ये २२ गोल करून त्याने अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा बारकोव्हचा विक्रम मोडला. ४५ मॅचमध्ये ३८ पॉइंट. तोही दुसऱ्या नंबरवर, न्यूयॉर्कला गेला. पहिल्या सीझनला ६६ मॅचमध्ये फक्त १० गोल. पुढची वर्षंही खूप वेळ खालच्या फळीत गेली आणि डिसेंबर २०२४ला त्याला सिॲटलला पाठवलं. आकडे चांगले, सुरुवात चांगली, पण वाढ धीमी.

आणि उलटं उदाहरण गोलकीपर पेक्का रिन्नेचं. २००४ला, जेव्हा ड्राफ्टच्या फेऱ्या जास्त होत्या, तो आठव्या फेरीत २५८वा गेला. आजच्या नियमात २५८वा नंबरच अस्तित्वात नाही! फिनलंडच्या आपल्या टीममध्ये तेव्हा तो राखीव होता, आकडे दाखवायला फार मॅचच नव्हत्या. नॅशव्हिलने वाट बघितली. २०१८ला तो लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला आणि नंतर टीमने त्याचा ३५ नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला.

आता आपल्या धंद्यात या

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. पोटेन्शियल एकट्या माणसात किंवा एकट्या मालात मोजता येत नाही. तो कुठे, कोणासोबत, कोणासमोर आणि किती दिवस टिकला, हे सोबत वाचावं लागतं. आणि उरलेला भाग आपण त्याला पुढे काय देतो यावर असतो. म्हणून पैसे घालण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. हा आकडा सात दिवसांचा की पन्नास दिवसांचा?
समजा, दिवाळीच्या प्रदर्शनात तुमची चकली सात दिवसांत संपली. आनंद करा, पण त्या जोरावर लगेच मोठं मशीन बुक करू नका. श्रावणातल्या साध्या मंगळवारी तीच चकली किती जाते? प्रदर्शनाचा आकडा हेलसिंकीचा आहे. दुकानाचा आकडा लीगचा आहे. दोन्ही लिहा, पण हप्ता दुसऱ्याच्या हिशोबाने ठरवा.

२. समोर कोण होतं?
सोसायटीच्या ग्रुपवर ओळखीच्या लोकांनी घेतलेल्या ऑर्डर म्हणजे आपल्या वयाच्या मुलांसमोरची मॅच. अनोळखी गिऱ्हाईक, शेजारी तीन ब्रँड ठेवलेले आणि तरी त्याने तुमचं पाकीट उचललं, ही मोठ्यांची मॅच. अशा मॅच किती झाल्या ते मोजा.

३. सोबत कोण होतं?
हेलसिंकीत तिघंही एकाच फळीत होते. १७ पॉइंटमध्ये शेजाऱ्यांचा वाटा किती, हे त्या आकड्यात दिसत नाही. तुम्ही मोठ्या कंपनीतला नंबर एकचा सेल्समन आणता आणि तो तुमच्याकडे थंड पडतो. तिथे माल कोणाच्या नावावर विकला जात होता? मुलाखतीत विचारा, "नाव नसलेली वस्तू कधी विकली आहे का? कशी विकली?"

४. निवडल्यावर आपण काय देणार?
हा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. आहोला घरी अजून एक वर्ष मिळालं, रिन्नेला अनेक वर्षं मिळाली. पुल्युयार्वीला अठराव्या वर्षी परक्या देशात थेट मोठ्या मैदानात उतरवलं. दुखापत कोणाच्या हातात नसते हे खरं. पण नवा माणूस घेतल्यावर पहिले तीन महिने त्याला कोण शिकवणार, त्याच्या हातात नेमकं कोणतं काम असणार, चूक झाली तर कोणाकडे जायचं, हे सगळं आपल्याच हातात असतं. ते ठरवलं नसेल तर तीन महिन्यांनी "पोरगं कामाचं नाही" म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

आणि एक सावधगिरी

एडमंटनचे चाहते मूर्ख नव्हते. ते भुकेले होते. दहा वर्षं हरणाऱ्याला प्रत्येक नवा मुलगा तारणहार वाटतो. धंद्यात कर्ज डोक्यावर असताना, सलग दोन सीझन वाईट गेल्यावर, आपणही असेच भुकेले असतो. तेव्हा समोर आलेली पहिली चमकदार गोष्ट आपल्याला हवी तेवढी मोठी दिसते. अशा वेळी निर्णय एक दिवस पुढे ढकला आणि वरचे चार प्रश्न ज्याला तुमच्या धंद्यात काडीचाही रस नाही, अशा माणसाकडून विचारून घ्या. केकालाइनेन यांना देशाभिमानाने पुल्युयार्वीला घेता आलं असतं. त्यांनी आपल्या टीमला काय लागतं ते बघितलं.

गृहपाठ

वहीत एक पान घ्या. सध्या ज्या माणसावर, मालावर किंवा कल्पनेवर तुम्ही पैसे घालायच्या विचारात आहात, त्याचं नाव वर लिहा. खाली दोन रकाने करा : 'सात दिवस' आणि 'पन्नास दिवस'. पहिला रकाना लगेच भरेल. दुसरा रिकामा राहिला तर घाबरू नका, नाद सोडूही नका. फक्त आज चेक फाडू नका. छोट्या रकमेत, छोट्या ऑर्डरवर पन्नास दिवस चालवून बघा आणि रोजचा आकडा रोज लिहा.

पुढच्या भागात हाच धागा पुढे नेऊ : नव्या माणसाचे पहिले नव्वद दिवस कसे आखायचे. तोवर वही भरत राहा. भेटूया!